पाटा बसतो तेव्हा

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजाराकडे पिकअपची रांग लागते. त्यातल्या कितीतरी गाड्या जुन्या. हौदा रिकामा असला तरी मागून खाली बसलेल्या, पुढचं तोंड वर. माल भरल्यावर साध्या गतिरोधकावरूनही चासीखालचा रबरी ठोकळा ॲक्सलवर आपटतो आणि धक्का ड्रायव्हरच्या पाठीत जातो. नवी गाडी आवाक्याबाहेर, आणि नव्या पाट्यांचा पूर्ण संच घ्यायलाही हात आखडतो. अशा मालकाने थोडक्या पैशात काय करावं, हे पाहून लिहा, असं संपादकांनी सुचवलं. ती विचारपूस करत आळेफाट्याजवळच्या एका कमानपाट्याच्या गॅरेजात जाऊन पोचलो.

पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, तिला वारा घालणारा ब्लोअर, जमिनीत रोवलेली ऐरण आणि भिंतीशी लांबीनुसार लावून ठेवलेले जुने पाटे. गॅरेज चालवणाऱ्या साठीच्या गृहस्थांना सगळे नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतात. वडिलांच्या हाताखाली ते बैलगाडीच्या धावा चढवायला शिकले. रस्त्यावर ट्रक वाढले तसं घराणं पाट्यांकडे वळलं.

पाट्याचा इतिहास तसा थोडक्यात सांगता येतो. एकावर एक पोलादी पट्ट्या रचून केलेली कमान घोडागाड्यांच्या काळापासून आहे. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ च्या सुमारास अशा कमानींवर बग्गी बसवली, तेव्हापासून ती सर्रास दिसू लागली. १९०८ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ला पुढे एक आणि मागे एक असा आडवा पाटा होता. मोटारींमधून पाटा पुढे नाहीसा झाला, मालवाहू गाड्यांमधून मात्र तो हलला नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००५ मध्ये पुण्यात ‘छोटा हत्ती’ बनू लागला. बाजारसमितीपासून वाडीवस्तीपर्यंतचा माल या छोट्या गाड्यांवर आणि पिकअपवर आला, आणि त्यांचा भार पाट्यांवर.

मिस्त्रींकडे गाडी आली की ते आधी पाट्याला हात लावत नाहीत, हे मला पहिल्यांदा जाणवलं. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करायची. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून वर चासीपर्यंत टेप लावायचा. एकच बाजू बसली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलाय का, हे बघायचं. मग खाली शिरून शॅकल आणि बुश. पाट्याचं मागचं टोक चासीला थेट जोडलेलं नसतं. पाटा सरळ होताना लांबतो, त्याला जागा मिळावी म्हणून तिथे हलती कडी असते, ती शॅकल. तिचे बुश झिजले की थोडी उंची जाते आणि आवाज भरपूर येतो. शॉकअप गळत असेल तर गाडी हेलकावे खाते. मालकाला वाटतं पाटा गेला. पण शॉकअपचं काम हेलकावा मारण्याचं, भार पेलण्याचं नाही. नवे शॉकअप घालून बसलेली गाडी उठत नाही, हे मिस्त्री प्रत्येकाला नव्याने समजावतात. या तपासणीचा खर्च जवळपास शून्य, आणि पुष्कळ पैसे इथेच वाचतात.

बुश ठीक, पाटे अखंड, तरी गाडी बसलेली. मग दोष कमानीतच. इथे मिस्त्रींनी मला एक गोष्ट सांगितली, जी जुन्या पिकअपच्या प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हवी. ‘‘पाटा बसला म्हणजे कमजोर झाला असं नाही. त्याची उंची गेली. ताकद बहुतेक तेवढीच आहे.’’

यंत्रशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. पोलाद भाराखाली किती वाकेल, हे ठरवणारा त्याचा मूळ गुण वर्षानुवर्षं वापरल्याने फारसा बदलत नाही. वर्षानुवर्षांच्या जादा भाराने बदलतो तो पाट्याचा आकार. भार काढल्यावर कमान पूर्वीच्या जागी येत नाही, थोडी खालीच राहते. म्हणजे शंभर किलो ठेवल्यावर बसलेला पाटाही जवळजवळ पूर्वीइतकाच दबतो. फक्त रबरी ठोकळ्यापर्यंतचं अंतर कमी उरल्याने आपटतो लवकर. उंची गेली असेल तर उंची परत द्यायची, ताकद वाढवायची नाही. गंजाने पाटे बारीक झाले असतील तर गोष्ट वेगळी, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ८ मिलिमीटरच्या जागी त्याच मापाचा १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो जवळपास दुप्पट ताठ होतो. उलट दिशेने, जाडी थोडीशी झिजली तरी ताकद बरीच उतरते.

उंची परत देणं म्हणजे कमान भरणं. संच गाडीवरून उतरवायचा, शिकंजात घट्ट आवळायचा आणि मगच मधला सेंटर बोल्ट काढायचा. न आवळता बोल्ट कापला तर पाटे उसळून हात मोडू शकतात. बोल्ट निघाल्यावर शिकंजा हळूहळू सैल केला, तशी पाट्यांमध्ये फट उघडत गेली. त्या फटीने मला त्या शेडमध्ये खिळवून ठेवलं.

पाटे एकमेकांवर तंतोतंत बसावेत असे घडवलेले नसतात. लांब मेन पाट्याची कमान जरा उथळ, खालच्या आखूड पाट्याची त्याहून खोल, त्याखालच्याची आणखी खोल. सुटे ठेवले तर मध्यभागी दोन पाट्यांत फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते, आणि मेन पाटा माल भरण्याआधीच भाराच्या उलट दिशेला थोडा वाकलेला राहतो. भार आल्यावर पाट्याची वरची बाजू ताणली जाते, आणि भेगही तिथेच पडते. मेन पाट्याची वरची बाजू मात्र आधीपासून दाबलेली असल्याने तिथे ताण उशिरा आणि कमी येतो. हे संरक्षण त्यालाच हवं असतं, कारण ब्रेकचा झटका, वळणातला पीळ आणि गाडी पुढे ढकलणारा जोर त्याच्याच टोकांच्या कानांतून चासीत जातो. आखूड पाटे जास्त ताण स्वतःवर घेतात आणि मोठ्याला वाचवतात. ही मांडणी मला फार सुंदर वाटली.

मिस्त्री ही फट डोळ्याने जुळवतात. गार पाटा दोन टेकूंवर, कमानीची पोकळ बाजू वर करून ठेवतात आणि घणाचे छोटे छोटे घाव टोकाकडून मध्याकडे देत जातात. एकाच जागी जोराचा घाव दिला तर तिथे कोन पडतो आणि पुढे पाटा तिथेच तुटतो. दर चार-सहा घावांनंतर पाटा उचलून जोडीच्या पाट्यावर ठेवतात, उजेडाकडे धरून फट बघतात, पुन्हा घाव. डाव्या-उजव्या संचांची कमान सारखी झाली की मध्ये ग्रीस, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू बोल्ट. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असतात म्हणून ते परत वापरू देत नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, असं स्पष्ट सांगतात. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत बसतं आणि ॲक्सल जागेवर ठेवतं. यू बोल्ट सैल पडले, सेंटर बोल्ट तुटला, की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरपी चालू लागते. म्हणून काम झाल्यावर काही दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळायला या, हे ते दोनदा बजावतात.

गार ठोकलेली कमान कायम टिकत नाही, हेही ते लपवत नाहीत. कारखान्यात पाटा साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात, मग साधारण ४०० ते ५०० अंशांवर पुन्हा शेकून त्याचा ठिसूळपणा घालवतात. भट्टीत पाटा लाल करून कमान दिली आणि तसाच गार होऊ दिला, तर तो मऊ पडतो आणि लवकर बसतो. तेलात विझवून दुसरं शेकणं चुकवलं, तर तो काचेसारखा तडकतो. पहिला ताव रंगावरून ओळखता येतो. दुसऱ्या तावाला पोलाद डोळ्याला काहीच सांगत नाही, कारण निळी झाक त्याच्या आधीच येऊन गेलेली असते. म्हणून मिस्त्री साध्या भट्टीवर भरवसा टाकण्यापेक्षा गार काम पसंत करतात, आणि पाटा फार बसला असेल तर तेवढा एकच पाटा नवा घ्यायला सांगतात.

कमी पैशाचा क्रम त्यांच्या हिशेबाने असा. आधी बुश आणि शॅकल. मग गार कमान. मग तुटलेला किंवा झिजलेला पाटा बदलणं. त्यानंतर नवा संच. भंगारातला जुना संच स्वस्त दिसतो, पण त्याने किती भार खाल्लाय हे कोणी सांगू शकत नाही. आणि लांब शॅकल लावून गाडी उचलायला ते सरळ नकार देतात. उंची दिसते, पेलण्याची ताकद तसूभर वाढत नाही, आणि वळणात गाडी डोलते.

खरा पेच मात्र पुढे आहे. मी असताना आलेल्या बहुतेक मालकांना उंची परत नको होती, त्यांना पाटे वाढवून हवे होते. एक जण म्हणाला, ‘‘मिस्त्री, दोन-दोन पाटे टाका. शंभर क्रेट बसले पाहिजेत.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘दादा, पाटे टाकतो. ब्रेक कुठून वाढवू?’’

टोमॅटोचा क्रेट २० किलोचा. शंभर क्रेट म्हणजे २ टन, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. दीड टनाच्या गाडीवर हा भार पाट्याने पेलला, तरी तो ॲक्सलच्या हौसिंगवर, बेअरिंगवर, टायरवर आणि ब्रेकवर जातोच. जादा पाट्यांनी गाडी बसलेली दिसत नाही, एवढाच फरक पडतो. पाटा आपटतो तेव्हा तो भार जास्त झाल्याचं सांगत असतो. पाटे वाढवून आपण ते सांगणं बंद करतो आणि भार तसाच ठेवतो. मग काही वर्षांनी पाट्याच्या आधाराजवळ चासीला चीर जाते.

त्याहून घातक गोष्ट दिसत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी किती दबली यावरून तो भार ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, आणि माळशेजच्या उतारावर ते कळतं. व्हॉल्व्ह नव्या उंचीला लावून घेणं गरजेचं असतं, आणि कमानपाट्याच्या गॅरेजात ते काम सहसा कोणी करत नाही.

कायदाही पाटे मोजत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन पाटे वाढवून वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. एका दंडात पाट्यांच्या कामावर वाचवलेले पैसे जातात. तरी मालक जोखीम घेतो, कारण दोन खेपांचं डिझेल आणि एका खेपेचं डिझेल यातला फरकच त्याची त्या दिवसाची कमाई असते. क्रेटमागे मिळणारं भाडं वाढत नाही तोवर पाट्यांवरचा भार कमी होणार नाही, आणि हा प्रश्न कुठल्याही मिस्त्रीच्या ऐरणीवर सुटणारा नाही.

मिस्त्रींचा प्रश्न वेगळा. बऱ्याच नव्या गाड्यांना पॅराबोलिक पाटे येऊ लागले आहेत. ते मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात. संख्येने थोडे, एकमेकांवर न घासणारे, गाडी हलकी आणि मऊ ठेवणारे. ते कारखान्यातच लाटून घडतात. घणाने त्यांना कमान देता येत नाही, तुटलेल्या एका पाट्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा पाटा कापून घालता येत नाही. मिस्त्रींचा मुलगा चाकणच्या कारखान्यात जातो, आणि त्यात चूक काही नाही. पण जुन्या पिकअप आणखी पुष्कळ वर्षं रस्त्यावर असतील, आणि दोन पाट्यांतली फट बघून हो किंवा नाही म्हणू शकणारी माणसं त्याआधी संपतील. गाडी दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात शॉकअप आणि ब्रेकइतकीच जागा कमानीच्या कामाला मिळायला हवी, आणि शिकवायला अशा मिस्त्रींना मानधन देऊन बोलवायला हवं. तोवर जुन्या पिकअपच्या मालकाने एवढं करावं: पाट्याला हात लावण्याआधी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. काटा आरसीच्या आत असेल तर कमान भरून घ्यावी, त्यात पैसे सत्कारणी लागतात. काटा वर असेल तर क्रेट कमी करावेत. मिस्त्री पाटे टाकायला नाही म्हणाले, तर दुसरं गॅरेज शोधू नये.