धानाची बांधी चित्रीकरणासाठी देताना

धानाच्या बांधीतून धान्य मिळते, जनावरांसाठी तणस मिळते आणि धानापाठोपाठ लाखोळीचे पीकही हाती येते. अलीकडे ह्याच बांधीला आणखी एक मागणी येऊ लागली आहे. ती मागणी चित्रीकरणाची होय. चित्रपट, दूरदर्शन मालिका, गीतांच्या चित्रफिती व जाहिराती ह्यांसाठी, तसेच विवाहापूर्वीची छायाचित्रे काढण्यासाठी शेत, खळे, विहीर व जुने घर काही तासांपुरते किंवा काही दिवसांपुरते मागितले जाते. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावी रेल्वे जंक्शन जवळ, बिरसीचे विमानतळ जवळ आणि हिरव्या बांध्याही जवळ. अशा गावांतील शेतकऱ्यांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच. ह्या मागणीतून जोडउत्पन्न मिळू शकते. परंतु पुरेसा विचार न करता शेत दिल्यास मिळालेल्या रकमेपेक्षा झालेले नुकसान अधिक ठरते. म्हणून ह्या व्यवहाराची नीट माहिती करून घेणे आवश्यक आहे.

मागणी का वाढली?

मराठी शेतकऱ्याचे जीवन पडद्यावर येण्यास फार वर्षे झाली. १९२५ साली बाबूराव पेंटर ह्यांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. खोट्या कागदामुळे जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा असून शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम ह्यांनी केली होती. पुढे बराच काळ पुष्कळसे चित्रीकरण स्टुडिओत होत राहिले. मुंबईस गोरेगाव येथे १९७७ साली शासनाने चित्रनगरी उभारली. तथापि, खरे गाव व खरे शेत दाखविण्याकडे निर्मात्यांचा ओढा वाढत गेला. सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवली हा परिसर त्यामुळे देशभर प्रसिद्ध झाला. ‘गंगाजल’ (२००३) व ‘स्वदेस’ (२००४) ह्या चित्रपटांचे चित्रीकरण त्या भागात झाले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याची शेते व विहिरी ‘सैराट’मुळे (२०१६) घरोघरी माहीत झाल्या. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात ‘शेरनी’ (२०२१) ह्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. म्हणजेच ही मागणी आता वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

बांधी रिकामी दिसते, रिकामी नसते

बाहेरून येणाऱ्या माणसाला धान कापलेली बांधी रिकामी वाटते. वस्तुस्थिती वेगळी असते. आपल्या भागात धान कापण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकण्याची पद्धत आहे. धान कापल्यावर धसकटांमध्ये लाखोळीचे लहान कोंब असतात. पन्नास माणसे व दोन-चार वाहने त्यावरून गेली, तर ते पीक तेथेच संपते. नुकसान झाल्याचे मात्र महिन्याभराने लक्षात येते आणि तोपर्यंत चित्रीकरण करणारे लोक निघून गेलेले असतात.

दुसरे नुकसान जमिनीचे होते. धानाच्या बांधीत पाणी टिकते ते दोन कारणांनी. जमीन सपाट असते आणि चारही बाजूंचे धुरे पक्के असतात. जनरेटरची गाडी, सामानाचा ट्रक किंवा कॅमेऱ्याची क्रेन ओलसर बांधीत उतरली, की चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात, माती दबून घट्ट होते आणि धुरे फुटतात. पुढच्या पावसाळ्यात बांधीच्या एका कोपऱ्यात पाणी तुंबते, तर दुसरा कोपरा कोरडा राहतो. रोवणी सारखी होत नाही. धुरा शेजाऱ्याशी सामाईक असल्यास भांडणाचे बीजही तेथेच पेरले जाते.

तिसरा धोका आगीचा आहे. कापणीनंतर धानाचे पुंजणे रचलेले असतात. वर्षभराची मेहनत त्या एका जागी असते. तापलेले दिवे, जनरेटर, धूर सोडणाऱ्या नळ्या, फटाके अथवा कोणाची विडी ह्यांपैकी कशानेही ती क्षणात नष्ट होऊ शकते. पुंजणे व तणसाचे ढीग ह्यांच्या जवळपास चित्रीकरणास मुळीच परवानगी देऊ नये. मळणी होऊन धान घरी गेल्यावर खळे देण्यास हरकत नाही.

कोणत्या महिन्यात काय द्यावे?

निर्मात्यास बांधी हवी असते ती नेमकी हिरवीगार असताना, म्हणजे पिकाला धक्का लागणे सर्वांत हानिकारक असते तेव्हा. म्हणून पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

(१) जून : पऱ्हे टाकलेल्या जागेत कोणासही उतरू देऊ नये. एका लहानशा पऱ्ह्याच्या जागेवर कित्येक बांध्यांची रोवणी अवलंबून असते.

(२) जुलै-ऑगस्ट : रोवणीचे दृश्य द्यावयाचे असल्यास रोवणी आपल्याच नेहमीच्या मजूर स्त्रियांकडून करून घ्यावी. चित्रीकरणासाठी रोवणी थांबवून ठेवू नये. पऱ्हे जुने झाले की फुटवे कमी येतात.

(३) सप्टेंबर ते ऑक्टोबरचा आरंभ : धान निसवत व फुलोऱ्यात असताना बांधीत माणसे शिरू देऊ नयेत. ह्या वेळी पीक तुडवले गेले किंवा त्यावर कृत्रिम पाऊस पाडला, तर दाणे पोचट राहतात. चित्रीकरण धुऱ्यावरून अथवा रस्त्यावरून करण्यास सांगावे. धुऱ्यावर फळ्या टाकण्याची अट घालावी.

(४) ऑक्टोबर-नोव्हेंबर : कापणीचे दृश्य देता येते, मात्र कडपा वाळत असताना त्यावरून चालू देऊ नये. लाखोळी फेकली असल्यास ती बांधी वगळावी.

(५) डिसेंबर ते मे : लाखोळी, जवस किंवा उन्हाळी धान नसलेली कोरडी बांधी देण्यास हा काळ उत्तम. जड वाहने उतरवावयाची असल्यास ती ह्याच काळात, जमीन पूर्ण वाळल्यावर व ठरवून दिलेल्या एकाच वाटेने उतरवावीत.

फवारणी केलेली बांधी औषधाच्या डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत कोणासही देऊ नये. ही गोष्ट आपण होऊन सांगणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे.

मोबदला कसा ठरवावा?

पुष्कळ ठिकाणी समोरचा माणूस एक ठोक रक्कम सांगतो व शेतकरी ती मान्य करतो. असे न करता हिशेब चार भागांत मांडावा : पिकाचे नुकसान, जमीन पूर्ववत करण्याचा खर्च, पाणी-वीज-मजुरी, आणि शेवटी जागेचे प्रत्यक्ष भाडे. पहिले तीन भाग हा नफा नव्हे, तो खर्च आहे. चौथा भाग तेवढाच उत्पन्न होय.

उदाहरणार्थ, समजा एका शेतकऱ्याने कापणीस आलेली अर्ध्या एकराची बांधी दोन दिवसांसाठी २०,००० रुपयांस दिली व सर्व पीक तुडवले गेले. एकरी १६ क्विंटल उत्पन्न धरल्यास अर्ध्या एकराचे ८ क्विंटल होतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सर्वसाधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने १८,९५२ रुपयांचे धान गेले. तणसाचे २,००० आणि धुरे बांधून जमीन सपाट करण्याचे ५,००० रुपये धरल्यास बेरीज २५,९५२ रुपये होते. कापणी-मळणीचे ३,००० रुपये वाचले असे मानून ते वजा केले, तरी नुकसान २२,९५२ रुपये राहते. म्हणजे हातात २०,००० रुपये रोख येऊनही शेतकरी २,९५२ रुपयांनी तोट्यात गेला. हाच शेतकरी पिकाचे व जमिनीचे पैसे वेगळे मागता, तर भाड्याची रक्कम त्यास निव्वळ मिळाली असती.

ह्या नुकसानीस पीक विम्याचा आधार नाही, हेही लक्षात ठेवावे. विमा नैसर्गिक आपत्तीसाठी असतो. स्वतः परवानगी देऊन झालेली पायदळणी त्यात बसत नाही. तसेच शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले, तरी चित्रीकरणापोटी मिळालेले भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. ते वेगळे दाखवावे लागते.

कागद लिहिल्याशिवाय गाडी आत घेऊ नये

‘सावकारी पाश’ची कथा ज्या कागदाभोवती फिरते, त्याचा धडा आजही जुना झालेला नाही. न वाचता सही करणे व काहीच न लिहिता शेत देणे, ही दोन्ही संकटाची मूळ कारणे होत. कागद करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) कागद भाडेपट्ट्याचा नसावा, केवळ परवानगीपत्राचा असावा. भाडेपट्ट्याने जमिनीत हक्क निर्माण होतो. परवानगीने तसा हक्क निर्माण होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ह्यात हा भेद स्पष्ट केलेला आहे. जमिनीचा ताबा शेतकऱ्याकडेच राहील, असे वाक्य अवश्य घालावे.

(२) सातबारा उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्व खातेदारांच्या सह्या असाव्यात. भावाबहिणींना न विचारता केलेला व्यवहार घरात तेढ निर्माण करतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास प्रथम तहसील कार्यालयात चौकशी करावी.

(३) गट क्रमांक, तारखा, वेळ, माणसांची व वाहनांची संख्या, येण्या-जाण्याची वाट आणि वगळलेल्या बांध्या ह्यांचा उल्लेख असावा. पावसामुळे दिवस वाढल्यास वाढीव रक्कम किती, हेही लिहावे.

(४) भाडे काम सुरू होण्यापूर्वी घ्यावे. त्याशिवाय अनामत रक्कम घ्यावी व शेताची पाहणी झाल्यावरच ती परत करावी. आदल्या दिवशी धुरे, बांधी, विहीर व घर ह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. काम संपल्यावर त्याच जागांची पुन्हा काढावीत.

(५) पक्के बांधकाम करू देऊ नये. शेतजमिनीचा अन्य कामासाठी उपयोग करण्याबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तरतुदी आहेत. तात्पुरता उभारलेला देखावा किती दिवसांत काढावयाचा, हे कागदात असावे.

(६) अपघात, आग व विजेचा धक्का ह्यांची जबाबदारी निर्मात्याची राहील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. विहिरीच्या काठावरील दृश्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी.

परवानग्या कोणाच्या?

स्वतःच्या शेतापुरती परवानगी शेतकरी देऊ शकतो. मामा तलाव, सार्वजनिक रस्ता, शाळा किंवा वनजमीन देण्याचा अधिकार त्यास नाही. त्यासाठी निर्मात्याने संबंधित खात्यांकडे जावे. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी पद्धतीने अर्ज करण्याची सोय आहे. ग्रामपंचायत व पोलीस ठाणे ह्यांना आधी सूचना दिलेली असावी. मामा तलावावर मच्छीमार संस्थेचा हक्क असल्यास तिलाही विश्वासात घ्यावे. रंग, थर्माकोल व प्लास्टिक तलावात वा बोडीत जाता कामा नये.

ड्रोन उडवावयाचा असल्यास ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. बिरसीचे विमानतळ जवळ असल्याने ती जागा नकाशात कोणत्या रंगाच्या क्षेत्रात पडते, हे चालकाने प्रथम पाहिले पाहिजे. बैल, म्हशी किंवा शेळ्या चित्रपटात दाखवावयाच्या असल्यास २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी निर्मात्याने घ्यावयाची असते. नांगराला किंवा गाडीला जुंपलेल्या बैलास एकाच दृश्यासाठी दहा वेळा पळवणे ही क्रूरताच होय. मालकाने त्यास नकार द्यावा.

गोंदिया जिल्ह्यास आणखी एक जबाबदारी आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने ह्याच जिल्ह्यात आढळतो आणि पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटे करतो. आपल्या शेतकऱ्यांनी पिकाची थोडी झीज सोसूनही ही घरटी राखलेली आहेत. छायाचित्रासाठी घरट्याजवळ गर्दी झाली, की जोडी अंडी सोडून जाते. सारस हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्षी आहे. घरटे असलेली बांधी कितीही रक्कम मिळाली तरी देऊ नये; उलट वन खात्यास कळवावे.

मजुरांचा व गावाचा वाटा

चित्रीकरणात गावातील स्त्री-पुरुष काम करणार असतील, तर त्यांची मजुरी वेगळी ठरवावी व ती त्यांच्याच हाती द्यावी. ज्यांचे चेहरे पडद्यावर येणार, त्यांची संमती घ्यावी. रोवणीच्या दिवसांत गावातील मजूर तिकडे वळल्याने इतरांच्या रोवण्या खोळंबणार नाहीत, ह्याची काळजी घेतल्यास गावाचे सहकार्य टिकते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

अशी मागणी गावात आल्याचे कळताच कार्यकर्त्याने शेतकऱ्याकडे जावे व त्याच्यासमवेत बांधीवर फिरून कोणता भाग देता येईल आणि कोणता वगळावा, हे खुणेने ठरवावे. चार भागांचा हिशेब कागदावर मांडून द्यावा. करारपत्र मोठ्याने वाचून दाखवावे. काम संपल्यावर पुन्हा पाहणी करून धुरे, सपाटी व कचरा ह्यांची नोंद करावी. ह्या चार गोष्टींना फार तर दोन दिवस लागतील. परंतु पुढचा हंगाम त्यामुळे वाचेल.

चित्रीकरण हे शेतीस पूरक उत्पन्न ठरू शकते, शेतीची जागा ते घेऊ शकत नाही. पाहुणे दोन दिवसांनी जातात. मृगाचा पाऊस आल्यावर त्याच बांधीत पऱ्हे न्यावयाचे असतात. तेव्हा धुरा शाबूत असावा, जमीन सपाट असावी आणि सातबाऱ्यावरील नावांमध्ये बेबनाव नसावा. एवढे सांभाळून मिळालेला पैसा हाच खरा लाभ होय.