राख, चुना आणि पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सिमेंट-काँक्रीटविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आपल्याकडून कविता किंवा प्रवासवर्णन यावे, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु ज्या घरात आपण राहतो आणि ज्या पुलावरून एस.टी.ने कॉलेजला येतो, ती घरे व ते पूल काँक्रीटचेच असतात. त्यासंबंधीचा एक समज गावोगावी पक्का रुजलेला आहे. 'हल्ली सिमेंटात राख घालतात, म्हणून घरे टिकत नाहीत,' हा तो समज होय. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यांचे आणि त्यांच्या बरोबरीच्या बहुतेक कारागिरांचे मतही हेच आहे. हे मत अनुभवातून आलेले आहे. तेव्हा ते हसण्यावारी नेऊन चालणार नाही. त्यात खरे किती आणि खोटे किती, हे तपासून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही राख कोणती, ते पाहू. राख म्हटली की भांडी घासायची चुलीतली राख आपल्या डोळ्यांपुढे येते. सिमेंटातली राख ती नव्हे. औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. तेथील उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर असते. कोळशातील मातीचा अंश त्या उष्णतेत वितळतो आणि धुराबरोबर उडताना थंड होऊन त्याचे काचेसारखे सूक्ष्म गोल कण बनतात. धूर बाहेर पडण्यापूर्वी विजेच्या भाराच्या साह्याने हे कण पकडले जातात. हीच 'फ्लाय अॅश', म्हणजे उडती राख.

आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, एकलहरे येथील केंद्रांतून निघणाऱ्या राखेचे ढीग किती मोठे असतील, याची यावरून कल्पना यावी. २०१९-२० या एका वर्षात देशभरात २२ कोटी टनांहून अधिक राख निघाली. जिचा उपयोग होत नाही, ती बहुतांशी पाण्यात कालवून तलावांत साठवावी लागते. उन्हाळ्यात तलाव सुकले की ती वाऱ्यावर उडून घरांवर आणि पिकांवर बसते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या परिसरात पसरले. ही राख बांधकामात जिरवता येते की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ इंजिनियरांचा राहत नाही.

आता ती काँक्रीटमध्ये काय काम करते, ते पाहू. सिमेंट पाण्यात कालवल्यावर काही वेळाने 'वाळते', असे आपण म्हणतो. वस्तुतः ते वाळत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो आणि खडी-वाळूला घट्ट धरून ठेवणारा एक पदार्थ तयार होतो. काँक्रीटची ताकद ती हीच. पण याच संयोगात थोडा चुनाही सुटा होतो. हा चुना ताकदीला फारसा उपयोगी पडत नाही, आणि पाणी झिरपू लागले की तो त्यात विरघळून बाहेर येतो. ओल आलेल्या स्लॅबखाली आपण जे पांढरे ओघळ पाहतो, ते बव्हंशी याच चुन्याचे.

राखेचे कण या सुट्या चुन्याला गाठतात. पाण्याच्या सान्निध्यात राखेतील सिलिका आणि हा चुना यांचा संयोग होऊन पुन्हा तसाच चिकटून धरणारा पदार्थ बनतो. त्याने काँक्रीटमधील बारीक छिद्रे बुजत जातात. छिद्रे बुजली की पाणी, समुद्राकाठचा खार आणि जमिनीतील क्षार आत शिरणे कठीण होते, आणि लोखंडी सळया गंजण्यापासून दीर्घकाळ वाचतात. शिवाय राखेमुळे काँक्रीट घट्ट होताना कमी तापते. त्यामुळे धरणासारख्या प्रचंड बांधकामात तडे जाण्याची भीती कमी होते.

ही युक्ती काही आजची नव्हे. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचे गाव आहे. तेथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोक बांधकाम करीत. गोणीवर 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' असे जे लिहिलेले असते, त्यातील 'पोझोलाना' हा शब्द त्या गावावरूनच आला. रोममधील पँथिऑन या मंदिराचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट त्याच पद्धतीच्या काँक्रीटचा असून सुमारे १९०० वर्षे उभा आहे, आणि त्यात लोखंडी सळई नाही. आपल्याकडेही जुने कारागीर बैलाच्या घाणीत चुना मळताना त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालीत. तत्त्व तेच. आधुनिक काळात अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९५३ साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणात ही राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतात १९६२ साली पूर्ण झालेल्या उत्तर प्रदेशातील रिहांद धरणात सिमेंटच्या काही भागाऐवजी राख घातली होती. आपल्या अकोले तालुक्यातील घाटघर प्रकल्पाची धरणे या शतकाच्या पहिल्या दशकात रोलरने दाबलेल्या काँक्रीटची बांधली गेली. त्यात तर सिमेंटपेक्षा राखच जास्त होती. ज्या राखेवर धरणे उभी आहेत, तिने आपली दोन खोल्यांची घरे पडतील, असे मानण्याचे कारण नाही.

मग कारागिरांचा अनुभव खोटा म्हणावा काय? नाही. त्याचे कारण राखेच्या स्वभावात आहे. राख कामाला लागते, पण सावकाश. चुना सुटा झाल्याखेरीज तिला काम नाही, आणि पाणी संपले की तिचे काम थांबते. म्हणून पहिल्या काही दिवसांत असे काँक्रीट साध्या सिमेंटच्या मानाने कमजोर राहते. पुढे काही आठवड्यांनी ते बरोबरी करते आणि नंतर पुढेही जाऊ शकते. परंतु तेथपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला ओले ठेवले पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या कामाला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. हवा उष्ण व कोरडी असेल, तर अनुक्रमे १० आणि १४ दिवस.

प्रत्यक्षात काय घडते? आमच्या वस्तीत गेल्या उन्हाळ्यात एका घराचा स्लॅब पडला. तीन दिवस पाणी मारले, चौथ्या दिवशी टँकर आला नाही, आणि पाणी मारणाऱ्या बाईची हजेरीही बंद केली. पाणी तुटलेले असे काँक्रीट सच्छिद्र राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात लवकर शिरतो, आणि सळयांना गंजापासून वाचवणारा चुन्याचा गुण कमी होतो. पुढे ते गळू लागले की दोष राखेच्या माथी येतो. सेंट्रिंग काढण्याची घाई केली तरी तोच प्रकार.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्यात बारीक करून, मोजून मिसळलेली राख निराळी आणि तलावातून उपसून आणून घमेल्याने टाकलेली निराळी. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये राख १५ ते ३५ टक्के असावी, असे मानक आहे. राखेत न जळलेला कोळसा फार नसावा आणि ती पुरेशी बारीक असावी, असेही बंधन आहे. जाडीभरडी, कोळशाने काळी झालेली राख पैसे वाचवण्यासाठी कोणी मिसळत असेल, तर कारागिरांचा राग रास्तच आहे.

या साऱ्याचा लाभ एका घरापुरता नाही. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. एक टन क्लिंकर तयार होताना जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जेवढे सिमेंट राखेने वाचेल, तेवढा हा धूर कमी होईल. अर्थात, राख हवी म्हणून कोळसा जाळत राहावा, असा याचा अर्थ नव्हे. पुढे कोळसा कमी होईल आणि राखही. भाजलेली चिकणमाती व चुनखडी यांचे सिमेंट आता बनू लागले आहे. म्हणजे आपली सुरखीच निराळ्या वेषात परत येत आहे. तिलाही पाणी आणि धीर लागणारच.

गरीब माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो. त्याला इंजिनियर परवडत नाही, आणि गोणीवरची बारीक अक्षरे वाचायला घरात बहुधा शिकणारी मुलेच असतात. ते काम आपले आहे. घरी, शेजारी बांधकाम निघाले, तर सिमेंट कोणते आणले ते वाचावे. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवावे, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजत ठेवावे, आणि पाणी मारणाऱ्या बाईची चौदा दिवसांची मजुरी आधीच हिशेबात धरावी. घराच्या एकंदर खर्चात ती रक्कम अगदी थोडी असते.