दगडाबरोबर आलेले पाहुणे

घरात माशांची काचपेटी आली की हौस मुलांची आणि निगा आपली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या घरी आम्ही दोघी जावा. आमच्यातल्या एकीचा लेक आणि दुसरीचा पुतण्या यंदा कॉलेजात गेला आणि त्याने खाऱ्या पाण्याची पेटी मांडली. गोड्या पाण्याची पेटी आम्ही बरीच वर्षं सांभाळली होती, त्यामुळे यात वेगळं ते काय असणार, असं आम्हाला वाटलं. वेगळं निघालं ते दगडांत.

खाऱ्या पाण्याच्या पेटीत दगड शोभेपुरता नसतो. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वस्ती करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया तयार होतो, त्याचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही घडी बसायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडायचे नसतात. मुलाने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचे चार काळे दगड उचलून आणले होते. तिसऱ्या रात्री आम्ही पाणी प्यायला उठलो आणि सहज दिवा लावला, तर काचेवर पांढरे ठिपके पळताहेत, एका भोकातून केसाळ गांडुळासारखं काहीतरी अर्धं बाहेर आलंय, आणि मागच्या दगडातून मधूनच ‘टक्’ असा आवाज येतोय.

आमच्या मनात पहिलं आलं ते कोणत्याही बाईच्या मनात येईल तेच: उकळून काढू. बाळाची बाटली असो की लोणच्याची बरणी, उकळत्या पाण्यातून काढली की काळजी मिटली. सकाळी मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि एक दगड काढून ओट्यावर ठेवला. तेवढ्यात मुलगा उठून आला आणि ओरडलाच, “आई, गॅस बंद कर! काकू, त्याला हात लावू नकोस!”

आम्हाला राग आला. पण त्याने दाखवलं ते असं. दगडाच्या एका कडेला शर्टाच्या बटणांसारखे तपकिरी गोल चिकटलेले होते. पाण्यात असताना त्यांच्या कडेला बारीक झालर दिसते. हे झोअँथिड नावाचे प्राणी. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला यांचे गालिचेच्या गालिचे दिसतात. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. कोणत्या जातीत आहे आणि कोणत्यात नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते उकळून नाहीसं होत नाही. उलट वाफेबरोबर हवेत जातं आणि सगळं घर ते श्वासातून आत घेतं. खोकला, धाप, थंडी वाजून ताप, तोंडाला धातूसारखी चव, स्नायू दुखणं, कधी हृदयावरही परिणाम. त्यावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर भागात 2018 साली पेटीतलं प्रवाळ साफ करताना एक कुटुंबच्या कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

तेव्हा असा दगड उकळायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, आणि पाण्याबाहेर ब्रशने घासायचाही नाही, कारण शिंतोडे डोळ्यांत गेले तर बुबुळाला इजा होते. हात घालायचाच तर रबरी हातमोजे आणि चष्मा. बोटाला कापलेलं असेल तर त्या दिवशी पेटीला हात नाही. आणि कोणाला त्रास झालाच तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, आणि डॉक्टरांना ताप-खोकल्याबरोबर पेटीचंही सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांच्या लक्षात येणार कसं?

बाकीच्या पाहुण्यांची मात्र आम्ही उगाच धास्ती घेतली होती. काचेवरचे पळते ठिपके म्हणजे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड, कोळंबीचे अगदी दूरचे चुलत भाऊ. ते शेवाळ आणि उष्टं खातात आणि पुढे माशांना खाऊ होतात. केसाळ किडाही बहुतेक वेळा भंगीकाम करणाराच. पण त्याचे केस काचेच्या लोकरीसारखे बोटात घुसतात आणि आग होते. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे निघतात. हे सगळे एकदम मारले तर त्यांची मढी दगडातच कुजतात, अमोनिया वाढतो आणि बसत आलेली घडी विस्कटते.

काढावेत असे थोडेच. एक म्हणजे एप्टेशिया, काचेसारखं तपकिरी छोटं समुद्रफूल. दिसायला गोजिरवाणं, पण शेजाऱ्यांना डंख मारतं. याला चिमट्याने उपटायला जाऊ नका. तळाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं उगवतं. आम्ही एकाची पाच केली, ती अशीच. त्यावर चुना चालतो, पण पानपट्टीवरचा नव्हे, शुद्ध. दाट कालवून सुईच्या पिचकारीने त्याच्या तोंडावर घालायचा, पंप तेवढा वेळ बंद ठेवायचा, आणि एका दिवशी दोन-तीनच उरकायची, नाहीतर पाण्याचा सामू चढतो.

दुसरा खेकडा. त्याच्यासाठी काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवा, तळाशी कोळंबीचा तुकडा. रात्री तो आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. आमचा दुसऱ्याच रात्री सापडला.

कधीकधी पाहुणा फारच मोठा निघतो. इंग्लंडच्या न्यूकी गावातल्या सार्वजनिक मत्स्यालयात प्रवाळ तुटत होतं, मासे जखमी होत होते आणि कारण कळेना. 2009 मध्ये शेवटी पेटी दगड दगड करून उपसली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा किडा निघाला.

सापडलेला प्राणी खाडीत किंवा समुद्रात नेऊन सोडण्याची दया मात्र दाखवू नका. कॉलेर्पा नावाचं पेटीतलं हिरवं शेवाळ 1984 मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोगणती पसरलं. आमच्या खेकड्याला आम्ही वेगळी बरणी दिली आहे, हवेच्या नळीसकट.

आणि दगडांबद्दल एक. पोरवाळ वाटणारे पांढरे, खडबडीत, नक्षीदार दगड किनाऱ्यावरून उचलू नका आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. दगडासारखं कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीने जपलेलं आहे. आमच्या मुलाने काळे दगड आणले, तेही आता नको वाटतात. पुढच्या वेळी कोरडे, कारखान्यात बनवलेले दगड घ्यायचे ठरलंय. त्यांत जिवाणू वसायला वेळ लागतो, पण पाहुणे येत नाहीत. शंख-गोगलगायी मात्र आधी वेगळ्या बादलीत काही आठवडे ठेवायच्या, कारण त्यांच्या पाठीवर बसूनही कोणी येतंच.

राहिला तो ‘टक्’ आवाज. ती टिचकी मारणारी निरुपद्रवी कोळंबी असेल, किंवा शिंपला फोडणारा मँटिस श्रिंप असेल, ज्याच्या फटक्याने बोट फुटतं. म्हणून त्या दगडाजवळ हात घालत नाही. टॉर्चला लाल कागद बांधून आम्ही दोघी रात्री आळीपाळीने पेटीसमोर बसतो, कारण लाल उजेड या प्राण्यांना फारसा जाणवत नाही. काल रात्री भोकाच्या तोंडाशी दोन डोळे दिसले. दांड्यांवरचे, हिरवट. लगेच आत गेले.