आगाऊ आयकर : अंदाज, दुरुस्ती आणि भरणा

वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठाणे. या तालुक्यातील भातशेती जशी पावसावर अवलंबून, तसाच लोणावळ्याचा पर्यटन-व्यवसायही बऱ्याच अंशी पावसावरच चालतो. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की भुशी धरणाकडे रीघ लागते आणि चिक्कीची दुकाने, उपाहारगृहे व भाड्याचे बंगले यांची मिळकत वाढते. आगाऊ आयकराचा पहिला हप्ता मात्र १५ जूनला, हंगामाच्या तोंडावरच भरावयाचा असतो. हाती न आलेल्या कमाईवर कर कसा द्यावा, असा प्रश्न व्यावसायिकांना पडतो तो यामुळेच.

त्याचे उत्तर असे, की कायदा अचूक आकडा मागत नाही. तो अंदाज मागतो आणि त्यात दुरुस्ती करण्यास वावही देतो. कमाई होईल त्याच वर्षी कर द्यावा, हे तत्त्व भारतात १९४४ साली स्वीकारण्यात आले. उगमापाशी कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर रु. १०,००० किंवा अधिक होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण कर, असे हे टप्पे आहेत. प्रत्येक टक्केवारी एकत्रित असल्याने मागील भरणा वजा करूनच पुढील हप्ता ठरतो.

उदाहरणार्थ, एका उपाहारगृहाच्या मालकाने जूनमध्ये वर्षाचा कर रु. १,००,००० होईल असे धरून रु. १५,००० भरले. पाऊसकाळ चांगला गेल्याने सप्टेंबरमध्ये अंदाज रु. १,६०,००० झाला. त्याचे ४५ टक्के म्हणजे रु. ७२,०००, आधीचा भरणा वजा जाता रु. ५७,००० भरावयाचे. डिसेंबरमध्ये अंदाज रु. १,४०,००० वर आला, तर रु. ३३,००० आणि मार्चमध्ये उरलेले रु. ३५,०००. जूनच्या हप्त्यात रु. ६,००० ची तूट राहिली. तिच्यावर दरमहा १ टक्का दराने तीन महिन्यांचे व्याज केवळ रु. १८० होते. याच मालकाने वर्षभर काहीच भरले नाही, तर हप्ते चुकल्याचे व्याज रु. ७,०७० होते, शिवाय एप्रिलपासून कर भरेपर्यंत दरमहा रु. १,४०० चा भार निराळाच.

उलाढालीवर ठरावीक दराने नफा दाखविण्याची सवलत घेणाऱ्या लहान दुकानदारांना १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात कर भरता येतो. धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील नागरिकांना आगाऊ कर माफ आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. तथापि इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना ते हिशेबात घेतले जाऊ शकते.

ज्या जमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो, तिचा व्यवहार जूनमध्ये कोणाला दिसत नसतो. अशा नफ्यावरील कर विक्रीनंतरच्या उरलेल्या हप्त्यांतून, आणि हप्ते उरले नसल्यास ३१ मार्चपर्यंत भरला, तर त्या नफ्यामुळे मागील हप्त्यांत दिसणाऱ्या तुटीवर व्याज पडत नाही. म्हणूनच विक्रीची रक्कम घरबांधणीत किंवा लग्नकार्यात खर्ची पडण्यापूर्वी कराचा हिस्सा बाजूला काढणे हिताचे ठरते.