स्टेरॉइड म्हणजे काय?



माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, संधिवातानें कित्येक वर्षें बेजार होती. कोणा ओळखीच्या बाईनें तिला एका गृहस्थाकडील पुड्या आणून दिल्या. ‘निव्वळ झाडपाला’ अशी त्यांची ख्याति. चार दिवसांत अक्का जिना चढूं लागली, आठवड्यानें स्वतः कणीक मळूं लागली. वर्षभरांत तिचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, तेव्हां औषध अंगीं लागलें म्हणून आम्हीं आनंदच मानला. पुढें पंढरपुरास जातांना पुड्यांची डबी घरींच राहिली, आणि चौथ्या दिवशीं ती ओकाऱ्या होऊन निपचित पडली. इस्पितळांतील डॉक्टरांनीं तिचा चेहरा पाहिला, मनगटावरची कागदासारखी झालेली कातडी पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, “बाई कोणतें औषध घेत होत्या?” घरची एक पुडी मागाहून तपासून घेतली. तींत स्टेरॉइड मिसळलेलें होतें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त मास्तर. रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागें लागला, आणि मिळेल तें वाचून व डॉक्टरांस विचारून जें उमगलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

स्टेरॉइड हें एका औषधाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. मधमाशांच्या पोळ्यांतील तीन षट्कोनी घरें एकमेकांस भिंत लावून बसलीं आहेत अशी कल्पना करा, आणि त्यांस एक पंचकोनी घर जोडा. कार्बनच्या १७ अणूंचा हा सांगाडा ज्या द्रव्यांत आढळतो, तीं सारीं या कुळांतलीं. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे कोलेस्टेरॉल. पित्ताशयांतील खड्यांत तें प्रथम सांपडलें, म्हणून ग्रीक भाषेंतील ‘पित्त’ व ‘घन’ या शब्दांवरून त्याचें नांव पडलें. आज त्याची अपकीर्ति फार झाली आहे. पण आपलें शरीर त्यापासूनच पुरुषाचें टेस्टोस्टेरॉन, स्त्रीचें प्रोजेस्टेरॉन आणि अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉल घडवितें. टेस्टोस्टेरॉन व प्रोजेस्टेरॉन यांत फरक काय, तर सांगाड्याच्या एका टोकाशीं लोंबणाऱ्या लहानशा तुकड्याचा! तेवढ्या फरकानें एक दाढीमिशा फोडतें आणि दुसरें गर्भ सांभाळतें.

हा सांगाडा उलगडणें सोपें नव्हतें. वीलांट व विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञांस या कामाबद्दल नोबेल पारितोषिकें मिळालीं, आणि त्यानंतर, १९३२ सालीं, त्यांनीं मांडलेली रचना चुकीची होती असें ठरून ती दुरुस्त करण्यांत आली. रीत बरोबर असेल तर उत्तर चुकलें तरी गुण द्यावे, हें आम्हां शिक्षकांस मान्यच आहे.

खरी अडचण होती ती हीं द्रव्यें मिळविण्याची. १९३१ सालीं बूटेनांट यांनीं १५,००० लिटर मूत्र आटवून पुरुषी हॉर्मोनाचें एक रूप वेगळें काढलें. हातीं आलें अवघें १५ मिलिग्रॅम. असें औषध रोग्यास कोण देणार, आणि तें परवडणार कोणास? वाट दाखविली ती कंदमुळांनीं. कांहीं वनस्पतींत, पाण्यांत घुसळल्यास रिठ्यासारखा फेस देणारीं जीं द्रव्यें असतात, त्यांतहि हाच सांगाडा दडलेला असतो. अमेरिकेंतील रसेल मार्कर हा रसायनज्ञ अशा कंदाच्या शोधांत १९४२ सालीं मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतांत गेला. तेथील भाषा त्याला येत नव्हती. एका खेड्यांतल्या दुकानदाराच्या मदतीनें त्यानें कासवाच्या पाठीसारखा खडबडीत कंद मिळविला. त्यांतील डायोस्जेनिन या द्रव्यापासून पुढच्याच वर्षीं त्यानें मेक्सिको शहरांत दोन किलोहून अधिक प्रोजेस्टेरॉन तयार केलें. तेव्हां हें द्रव्य सोन्याहून कितीतरी महाग विकलें जात होतें!

हा कंद आपल्या कोनफळाचा सगोत्र. आपल्या मेथीच्या दाण्यांतहि थोडें डायोस्जेनिन असतें. म्हणून कोनफळ किंवा मेथी खाऊन शरीरांत हॉर्मोन वाढतें असें मात्र कोणी समजूं नये. डायोस्जेनिनाचें हॉर्मोनांत रूपांतर प्रयोगशाळेंत होतें. आपल्या देहास ती कला अवगत नाहीं. आणि ‘झाडपाला म्हणजे निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांनीं अंगणांतील कण्हेर आठवावी. तिच्या विषांतहि स्टेरॉइडाचाच सांगाडा आहे, आणि तें हृदयाची गति बिघडवून प्राण घेतें.

आतां अक्काच्या दुखण्याकडे वळूं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हेंच नांवाचे डॉक्टर होते. संधिवाताच्या रोग्यास कावीळ झाली, किंवा स्त्रीस दिवस गेले, कीं सांधे कांहीं काळ मोकळे होतात, असें त्यांच्या ध्यानांत आलें. शरीरांतच कांहीं उतारा असला पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. त्यांचे सहकारी केंडल यांनीं जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक द्रव्य वेगळें केलें होतें. पुढें त्यास कॉर्टिझोन हें नांव मिळालें. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं अंथरुणास खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस तें प्रथम टोंचलें, आणि आठवडाभरांत ती चालत बाजारांत गेली. १९५० सालीं हेंच, केंडल व स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु टोंचणें थांबलें कीं दुखणें परत येतें, आणि चालू ठेवलें तर चेहरा सुजतो, हेंहि लवकरच दिसून आलें.

तें कॉर्टिझोन बैलाच्या पित्तापासून तीसांहून अधिक पायऱ्यांनीं बनवावें लागे. १९५२ सालीं अपजॉन कंपनीच्या संशोधकांना आढळलें कीं शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीची एक भाऊबंद प्रोजेस्टेरॉनाच्या नेमक्या जागीं ऑक्सिजनचा अणु बसवून देते. मेक्सिकोचा कंद आणि ही बुरशी यांची सांगड पडली, आणि औषध स्वस्त झालें. स्वस्त झाल्यामुळेंच तें पुडींत मिसळणाऱ्याच्या हातींहि आलें.

अक्का कोसळली कां, हें डॉक्टरांनीं मला असें समजाविलें. घरीं रोज आयता डबा येऊं लागला कीं चूल थंड पडते. तसें बाहेरून स्टेरॉइड येत राहिलें कीं अधिवृक्क ग्रंथि आपलें काम सोडतात. डबा एकाएकीं बंद झाला तर चूल लगेच पेटत नाहीं. रक्तदाब उतरतो, प्रसंगीं प्राण जातो. म्हणून पुष्कळ दिवस घेतलेलें स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पायरीपायरीनें कमी करावें लागतें. शिवाय तें रक्तांतील साखर वाढवितें, हाडें ठिसूळ करतें, आणि रोगजंतूंशीं झुंजण्याची शक्ति दडपतें.

याचे दोन्ही रंग आपण करोनाच्या सांथींत पाहिले. २०२० सालीं इंग्लंडांतील मोठ्या चांचणींत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडानें श्वासयंत्रावरील रोग्यांतले मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी केले; ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस कांहींच लाभ झाला नाहीं. तरी २०२१ सालीं आपल्याकडे तें सौम्य आजारांतहि सर्रास दिलें गेलें, आणि मधुमेही रोग्यांत काळ्या बुरशीचा रोग फैलावला. कित्येकांचे डोळे गेले.

उलट, दम्याच्या मुलांस ओढावयाच्या पंपाची ‘संवय लागते’ म्हणून आईबाप तो टाळतात, हेंहि मला खेदानें सांगितलें पाहिजे. त्यांतील स्टेरॉइड अत्यल्प असतें आणि श्वासनलिकेंतच काम करतें. तो पंप बंद केल्यानें दगावण्याचा धोका अधिक.

अक्काची गोळी डॉक्टर गेले आठ महिने उतरवीत आहेत. संधिवातासाठीं दुसरें औषध चालू आहे. चेहरा पूर्ववत् झाला आहे, बोटें सकाळीं थोडीं अवघडतात. स्टेरॉइड चालू असल्याची चिठ्ठी ती पिशवींत बाळगते, म्हणजे पुन्हा कोठें पडली तर पाहणाऱ्यास कळावें.