ई-मेलचे वजन

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा हा विषय आम्ही इंजिनियराच्या नव्हे, अडलेल्या माणसाच्या बाजूने मांडणार.

एका बंद कारखान्यातील कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे कागद आम्ही एका कचेरीला ई-मेलने धाडले. फाइल १८ एमबीची, तिथली मर्यादा २० एमबीची. आम्ही निश्चिंत! रात्री पत्र परत. कारणाच्या जागी आकडा ५५२, म्हणजे 'आकार मर्यादेबाहेर'. आम्हांला वाटले, कोणी मुद्दाम अडवले. तशी सवयच लागलेली.

पण गोष्ट निराळी होती. ई-मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी निघाली. स्कॅन केलेला कागद तीतून न्यायचा तर आधी अक्षरांत उतरवावा लागतो. या पद्धतीला 'बेस ६४' म्हणतात. तीत ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, शिवाय ओळी तोडण्याच्या खुणा वेगळ्या. आमचे १८ एमबी असे २४च्या वर गेले. सर्व्हर तोलतो ते बांधलेले गाठोडे, आतला माल नव्हे.

तोलण्याची रीत १९९५ सालच्या आरएफसी १८७० या नियमपत्रकात आहे. पाठवणारा सर्व्हर दारात येताच घेणारा आपली मर्यादा बाइटांत सांगतो. मग पाठवणारा पत्राचा आकार आधीच जाहीर करतो. तो जास्त असेल तर पत्र न घेताच नकार. आकार सांगितलाच नाही, किंवा कमी सांगितला, तर घेणारा येणारे बाइट मोजत राहतो आणि शेवटी नाही म्हणतो. 'घेतले' म्हणायचे असेल तर २५० हा आकडा देतो. तो दिला की जबाबदारी त्याची: पत्र पोचवा, नाहीतर पोचले नाही असे कळवा. वाटाघाटींत इतकी स्वच्छ पोच आम्हांला क्वचितच मिळाली!

मर्यादा अन्यायाची नाही. प्रत्येक पत्र डिस्कवर ठेवायचे, विषाणूसाठी तपासायचे, पुढचा सर्व्हर बंद असेल तर सांभाळून पुन्हा पाठवायचे. याला जागा लागते. आमची तक्रार एवढीच, की ती बाइटांतली मर्यादा यंत्र यंत्राला सांगते, माणसाला मात्र पत्र परत आल्यावर कळते.

सकाळी आम्ही कागदांचे तीन भाग केले, प्रत्येकी ६ एमबीचे, आणि तीन पत्रे धाडली. मग कचेरीत फोन लावून तिन्ही उघडतात ना, ते विचारून घेतले. अर्जांची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.