बोटीच्या इंजिनाचे टायमिंग : गॅरेजमधले समज, पाण्यावरची वस्तुस्थिती

बोटीच्या पोटात बसवलेली, म्हणजे इनबोर्ड, पेट्रोल इंजिने बहुतेक मुळात मोटारीचीच असतात. मर्क्रूझरचे 5.7 लिटरचे व्ही-8 घ्या. त्याचा गाभा शेवरलेच्या मोटारींचा आणि ते घराणे 1955 पासूनचे. त्यामुळे गॅरेजात हात बसलेल्या मेकॅनिकने स्पीडबोटीचे झाकण उघडले की त्याला सगळे ओळखीचे वाटते. घोटाळा होतो तो इथेच. इंजिन तेच असले तरी पाण्यावर त्याला वेगळे आयुष्य काढावे लागते, आणि टायमिंगबद्दलचे बहुतेक गैरसमज मोटारीची सवय बोटीवर लादल्यामुळे होतात.

गैरसमज : प्रत्येक बोटीच्या इंजिनाला इग्निशन टायमिंग लावावे लागते.

वस्तुस्थिती : हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉकच्या मासेमारी ट्रॉलरवर डिझेल इंजिन असते. त्यात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ठिणगीची वेळ लावण्याचा प्रश्नच येत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. तिथे लावायचे असते ते पंपाचे, म्हणजे फवारणीचे टायमिंग. त्याची हत्यारे वेगळी, पद्धत वेगळी. या लेखातले पुढचे सगळे पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

गैरसमज : टायमिंग जितके पुढे, तितकी ताकद जास्त.

वस्तुस्थिती : ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधले मिश्रण पूर्ण जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर, म्हणजे टीडीसीला पोहोचण्याआधीच ठिणगी टाकतात. जळण्याचा सर्वाधिक दाब पिस्टन खाली वळल्यानंतर लगेच मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू.

600 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 3.6 अंश फिरतो, 4500 आरपीएमला 27 अंश. वेग वाढला की ठिणगी लवकर टाकावी लागते ती यामुळे. मर्क्रूझरच्या अनेक जुन्या 5.7 मॉडेलांवर मंद वेगाला टीडीसीच्या 8 किंवा 10 अंश आधी ठिणगी पडते. पूर्ण वेगात हा आकडा 30 च्या आसपास जातो.

त्याहून पुढे गेलात तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब त्याला खाली रेटू लागतो. ताकद वाढायची सोडून घटते. उरलेले मिश्रण आपोआप भडकून नॉकिंग सुरू होते आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांवर घाला येतो. टायमिंग मागे ठेवणेही सुरक्षित नाही. तसे केल्यास जळण उशिरापर्यंत चालू राहते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड तापतात.

गैरसमज : मोटारीचा डिस्ट्रिब्युटर बोटीला चालतो.

वस्तुस्थिती : मोटार सपाट रस्त्यावर थोड्याच थ्रॉटलवर पळते. अशा वेळी विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून जुन्या मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमवर चालणारा जादा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी आणखी लवकर टाकण्याची सोय, असे. बोटीला सपाट रस्ता कुठला? पाणी सतत पंख्याला अडवत असते. भरलेला ट्रक कसारा घाट चढतो आहे आणि घाट संपतच नाही, तशी तिची गत. त्यामुळे मरीन डिस्ट्रिब्युटरमध्ये व्हॅक्यूमचा भाग सहसा नसतोच. वेगाबरोबर फिरणारी वजने किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल अ‍ॅडव्हान्स ठरवते.

दुसरे कारण जिवाशी संबंधित आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचून राहते. मरीन डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर आणि अल्टरनेटर अशा रीतीने बनवतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू नये. एसएई जे1171 हे त्यासाठीचे मानक. स्वस्त म्हणून मोटारीचा भाग बसवला, तर बोटीत स्फोटाला आमंत्रण दिल्यासारखे होते. अमेरिकेच्या नियमांनुसार इनबोर्ड पेट्रोल इंजिनांच्या बोटींवर इशारा लिहिलेला असतो : इंजिन सुरू करण्याआधी 4 मिनिटे ब्लोअर चालवा आणि तळाशी वाफ साचली नाही ना ते तपासा. टायमिंग लाइट जोडण्याआधीही हे करायलाच हवे.

गैरसमज : चांगला मेकॅनिक कानाने टायमिंग लावतो.

वस्तुस्थिती : मोटारीत चढावर नॉकिंगची कटकट ऐकू येते. बोटीत झाकणाखालचे इंजिन, पाण्यातून निघणारा एक्झॉस्ट आणि लाटांचा आवाज यांत ती हरवून जाते, आणि कळते तेव्हा पिस्टनला भोक पडलेले असते. धक्क्याला बांधलेल्या बोटीत मंद वेगावर गोड वाजणारे टायमिंग भर समुद्रात पूर्ण थ्रॉटलवर घातक ठरू शकते. टायमिंग लाइटला पर्याय नाही. लाइटने मंद वेगाचा आकडा पाहा, मग वेग वाढवून अ‍ॅडव्हान्स खरोखर वाढतो का तेही पाहा. बोट पाण्याबाहेर असेल तर आधी थंड पाण्याची नळी जोडा. कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर काही क्षणांत फाटतो.

गैरसमज : पुलीवरची खूण चुकीची असूच शकत नाही.

वस्तुस्थिती : ही खूण पुढच्या बॅलन्सरच्या बाहेरच्या कड्यावर असते आणि ते कडे रबरावर बसवलेले असते. रबर जुने झाले की ते कडे सरकते आणि त्यावरची खूणही सरकते. शंका आली तर पहिल्या सिलिंडरचा टीडीसी पिस्टन स्टॉपने शोधून खूण पडताळावी. शिवाय दोन इंजिनांच्या काही जुन्या बोटींत एक इंजिन उलटे फिरते. नेहमीच्या शेवरले व्ही-8 चा फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2 असतो. उलट्या फिरणाऱ्याचा 1-2-7-5-6-3-4-8. त्यात ‘टीडीसीच्या आधी’ची बाजूही बदलते.

गैरसमज : डिस्ट्रिब्युटर फिरवला, काम झाले.

वस्तुस्थिती : पॉइंट असतील तर आधी त्यांचा गॅप लावा. गॅप बदलला की टायमिंग बदलते. पॉइंटचा घासणारा भाग झिजला की ते हळूहळू मागे जाते. मर्क्रूझरच्या थंडरबोल्ट 5 प्रकारात मॉड्यूल स्वतःच टायमिंग पुढे-मागे करत असते, म्हणून जांभळी-पांढरी वायर अर्थला जोडून ते बेस मोडमध्ये आणल्याशिवाय लाइटचा आकडा खरा मानू नये. क्रँक सेन्सर असलेल्या बऱ्याच फ्युएल इंजेक्शन इंजिनांत तर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग बदलतच नाही.

गैरसमज : बोट ओढत नाही, म्हणजे टायमिंग गेले.

वस्तुस्थिती : तळाला चिकटलेले कालवांचे थर, वाकलेला पंखा, तुंबलेला फ्युएल फिल्टर, पाणी शिरलेले पेट्रोल, जुने प्लग हे सगळे तीच लक्षणे दाखवतात. कार्बोरेटरच्या अनेक 5.7 इंजिनांना पूर्ण थ्रॉटलवर 4400 ते 4800 आरपीएम गाठता यायला हवेत. ते गाठत नसेल तर आधी ही यादी संपवा. टायमिंगला हात लावायचाच झाला, तर आपल्या इंजिनाच्या क्रमांकाचे मॅन्युअल उघडा आणि जुना आकडा वहीत लिहूनच डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करा.